व्हाया कुठून?

न्यू जर्सीतल्या मुलाने आईवडिलांच्या तिकिटांचे तीन पर्याय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, ही त्याची पहिली चूक. त्याखाली ‘कुठलं बरं पडेल?’ असं विचारलं, ही दुसरी. व्हाया दुबई, व्हाया दोहा, व्हाया फ्रँकफर्ट. भाड्यात फारसा फरक नव्हता. आई एक नाव कळवेल, आपण कार्डाचा नंबर टाकू आणि झोपू, असा त्याचा साधा हिशेब. पण ग्रुपवर तीस-पस्तीस माणसं होती. त्यातली निम्मी कधी ना कधी परदेशी जाऊन आलेली आणि उरलेली निम्मी त्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडून आलेली. अनुभवात फरक असला तरी मतं दोन्हीकडे सारखीच ठाम.

“दुबई अजिबात नको,” नाशिकच्या आत्यांनी लिहिलं. “फार चालवतात.”

“मग फ्रँकफर्टला काय पालखीतून नेतात?” ठाण्याचे काका.

“दोहा घ्या. तिथे ते पिवळं अस्वल आहे,” दादरच्या मावशी.

“अस्वलाचं काय करायचंय?”

“चुकामूक झाली तर अस्वलापाशी भेटता येतं.”

यावर मुलाच्या वडिलांनी नुसता अंगठा पाठवला. तो कोणाच्या मताला होता, याचा उलगडा अजून झालेला नाही.

अस्वलाचं मात्र खोटं नाही. दोहाच्या हमद विमानतळावर ड्यूटी फ्रीच्या ऐन मध्यात उर्स फिशर या स्विस कलाकाराचं सुमारे सात मीटर उंच पिवळं टेडी बेअर बसलेलं आहे. डोक्यातून टेबल लॅम्प बाहेर आलेला. दिसायला मऊमऊ, असायला ब्राँझचं. २०११ सालच्या लिलावात त्याला ६८ लाख डॉलर मोजले गेले. चुकामूक झालेल्या कोथरूडकरांच्या सोयीसाठी एवढा खर्च करणारा विमानतळ जगात दुसरा नसेल, हे मावशींचं म्हणणं खोडून काढणं कठीण आहे.

पूर्वी ही कटकट नव्हती, कारण विचारतच कोण होतं? ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत. विमानात ३५ प्रवासी होते आणि त्यात खुद्द जे. आर. डी. टाटा. “कैरो नको, तिथे फार चालवतात,” असं म्हणायची सोय त्यांनाही नव्हती. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना त्या काळी तेलासाठी बहुधा आयर्लंडमधल्या शॅननला उतरावं लागे. तिथे तासन्‌तास रिकामे बसलेले प्रवासी पाहून कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि १९४७ साली जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान शॅननला निघालं. अडकून पडलेल्या माणसाला चॉकलेट आणि व्हिस्की विकता येते, हा शोध विमानाच्या शोधाखालोखाल महत्त्वाचा मानायला हवा. आज कित्येक विमानतळांवर गेटपर्यंत जायची वाट अत्तराच्या दुकानातूनच जाते, आणि मनगटावर सहा प्रकारचे वास घेतल्याशिवाय मराठी माणूस ती पार करत नाही. विकत मात्र काही घेत नाही.

आता पर्याय आले आणि पर्यायांबरोबर तज्ज्ञही आले. विमानतळ बांधणाऱ्यांनी धावपट्ट्या किती, बॅगा कुठल्या पट्ट्यावरून कुठे जाणार, तासाला माणसं किती, असले हिशेब वर्षानुवर्षं घातलेले असतात. आपला तज्ज्ञ एका घटनेवर निकाल देतो. ठाण्याच्या काकांच्या हातातल्या पिशवीतली लिंबाच्या लोणच्याची बरणी लंडनला विमान बदलताना सुरक्षा तपासणीत गेली. शंभर मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ चालत नाही, असं तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं. “हे पातळ नाही, लोणचं आहे,” असं काकांनी सांगितलं. अधिकाऱ्याने बरणी तिरकी केली. खार हलला. तेव्हापासून ब्रिटिशांविषयी काकांची मतं जहाल गटात मोडतात आणि लंडनहून स्वस्तात स्वस्त तिकीट मिळालं तरी ते बहिष्कार घालतात.

मावशींचं उलटं. त्यांना दोहाला कोणा मल्याळी मुलाने कागदी पेल्यात चहा आणून दिला, साखर वेगळी. बस्स. त्या मुलाने नोकरी सोडली असेल, चहा बदलला असेल, पण मावशींच्या लेखी दोहा जगात पहिलं. आत्या दुबईला चालून चालून थकल्या हे खरं आहे. प्रवासासाठी घेतलेले नवेकोरे बूट त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा घातले होते, एवढा तपशील त्या गाळतात.

प्रस्तुत लेखकाचं मत या ग्रुपवर कोणी विचारलं नाही. तो सोडायला जाणाऱ्यांपैकी आहे.

दुबई चालवतं याला कारण आहे. २०२४ साली त्या एका विमानतळावरून ९ कोटी २३ लाख प्रवाशांची ये-जा झाली. २०११च्या जनगणनेतला महाराष्ट्र धरला तर पाचांतली चार माणसं वर्षभरात तिथून फिरवून आणण्याइतका हा आकडा आहे. एवढ्यांना उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं, तर ते काम पंगतीच्या हिशेबानेच करावं लागतं. मुंबई, कोची, ढाका, मनिला इकडच्या विमानांची एक पंगत येते. तास-दोन तासांनी लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोची पंगत उठते. मधल्या वेळात उठणारे आणि बसणारे एकमेकांतून वाट काढत असतात आणि ज्याला नक्की कुठे बसायचंय हे कळलेलं नाही, असा एक गृहस्थ मधोमध थांबून बॅग उघडतो. तो बहुधा आपल्याच नात्यातला असतो.

पश्चिमेकडच्या पंगतींपैकी मोठी सकाळी उठते, म्हणून मुंबईकराला आखातात पोचण्यासाठी रात्री दोन-चारला निघावं लागतं. युरोपची तऱ्हा निराळी. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणांना बंदी आहे, कारण आसपासच्या रहिवाशांची झोपमोड होते. त्यामुळे मुंबईहून रात्री उशिरा निघून तिथे सकाळी उतरणं सोयीचं पडतं. जर्मन माणसाला सहा तास झोप मिळावी म्हणून अंधेरीत पुणेकर जागा.

आणि हा पुणेकर तिथे संध्याकाळपासून आलेला असतो. पहाटे अडीचच्या विमानासाठी कोथरूडहून दुपारी दोनला निघायचं, हा अलिखित नियम आहे. दोहाला दोन तास पुरतील की तीन, यावर मुलाने तिकडे आठवडाभर संशोधन केलेलं असतं. इकडे आईवडील खंडाळ्याच्या घाटात एका उलटलेल्या कंटेनरमागे तेवढाच वेळ काढतात. प्रवासातला पहिला आणि बेभरवशाचा हॉल्ट एक्स्प्रेसवेवर असतो, पण त्याची तुलना कुठलीही वेबसाइट करत नाही. घाट सुरळीत लागलाच तर संध्याकाळी सहाला विमानतळावर पोचून गाडीवाल्याला सोडून द्यायचं आणि आत घेईपर्यंत बाहेर बॅगांवर बसून थालीपीठ खायचं.

मध्यरात्रीच्या विमानाचा आणखी एक फास असतो, तो तारखेचा. तिकिटावर शनिवार, ००.५०. सांगलीचं एक सुशिक्षित जोडपं शनिवारी रात्री साडेनऊला काउंटरवर हजर झालं.

“सर, तुमचं विमान गेलं.”

“असं कसं? आज शनिवार आहे.”

“हो सर. पण शनिवार मध्यरात्रीच सुरू झाला.”

जोडप्यातल्या पतीने यावर पंचांगाचा आधार घेतला. वार सूर्योदयाला बदलतो, हे आपल्याकडचं शास्त्र त्याने शांतपणे मांडलं. विमान कंपनी मानेना.

फ्रँकफर्टच्या बाजूने घरातले तरुण असतात. तिथे एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला ४५ मिनिटं पुरतात, असं विमानतळाच्या वेळापत्रकाचं गणित सांगतं आणि तिकीट विकणारी वेबसाइट तेवढ्यावर विश्वास ठेवून जोडणी करून देते. ही वेळ मोजणाऱ्याच्या खांद्यावर एकच सॅक असावी, पाय लांब असावेत, आणि त्याच्यामागून “अहो, पासपोर्ट तुमच्याकडेच दिले होते ना?” असं विचारणारं कोणी नसावं. प्रत्यक्षात विमान वीस मिनिटं उशिरा टेकतं, पुढच्या रांगांतली माणसं वरच्या कप्प्यातून बॅगा काढताना सविस्तर चर्चा करतात, मग बस, मग सरकता जिना, मग पुन्हा तपासणी, मग टर्मिनलांमधली छोटी गाडी. गेट दिसतं तेव्हा ते बंद झालेलं असतं आणि काचेपलीकडे आपलं विमान शिस्तीत मागे सरकत असतं.

लंडनच्या हिथ्रोची गंमत अशी, की तिथे टर्मिनल दोन, तीन, चार आणि पाच आहेत. एक नाही. ते २०१५ साली बंद झालं. हे ठाऊक नसलेले आपले एक आप्त तिथे टर्मिनल एक शोधत निघाले होते, कारण आकडे एकपासून सुरू होतात असा त्यांचा समज होता. ते आयुष्यभर गणित शिकवत आले होते, त्यामुळे माघार घेणंही शक्य नव्हतं.

व्हिसाबद्दल ग्रुपवर सहसा कोणी बोलत नाही, कारण तो विषय खरोखरच महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर पाऊल न टाकता नुसतं विमान बदलायचं असलं, तरी भारतीय पासपोर्टवाल्याला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की अमेरिकेला जाता-येता बहुधा सूट मिळते. म्हणजे बाकावर बसून घरचे धपाटे खायलाही दुसऱ्या एखाद्या देशाची शिफारस हवी. युरोपात देशागणिक नियम निराळे आणि ते बदलतही असतात. सगळ्यांत कमी भाड्याचं तिकीट कमी भाड्याचं का आहे, याचं उत्तर कधी कधी इथे सापडतं.

हॉल्ट किती तासांचा हवा, यावर मात्र घरोघरी महायुद्ध होतं. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले आणि डेक्कन क्वीनसाठी स्टेशनवर तासभर आधी जाऊन बसणारे. त्यांचा आग्रह सात तासांचा.

“सात तास तिथे करायचं काय, बाबा?”

“गेट बदललं तर?”

“बदललं तर बोर्डावर दिसतं.”

“आणि बोर्ड बदलला तर?”

या शंकेवर विमानशास्त्राकडे उत्तर नाही. सात तास मिळाले की असे प्रवासी झोपत नाहीत, फिरत नाहीत, खात तर मुळीच नाहीत, कारण पाण्याच्या बाटलीची किंमत रुपयांत करून पाहिलेली असते. ते बोर्डासमोरची खुर्ची धरतात आणि दर चार मिनिटांनी आपलं विमान अजून तिथेच लिहिलेलं आहे ना, याची खात्री करतात. आठ तासांच्या हॉल्टला वनवास म्हणणाऱ्यांनी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाचं नाव जपून घ्यावं. मेहरान करीमी नासेरी हा इराणी निर्वासित कागदपत्रांच्या घोळात १९८८ पासून २००६ पर्यंत तिथल्या टर्मिनल एकमध्येच राहिला. लाल बाक, पुस्तकं, डायरी. टॉम हँक्सच्या ‘द टर्मिनल’ या सिनेमामागची एक प्रेरणा तोच. २०२२ साली त्याचा मृत्यू झाला, तोही त्याच विमानतळावर.

मेलबर्नच्या बहिणीने या सगळ्यात उशिरा उडी घेतली. “सिंगापूरहून जा ना! चांगीसारखा विमानतळ नाही.” पुण्याहून न्यू जर्सीला जायला आधी पूर्वेला चार हजार किलोमीटर जायचं, ही सूचना ऐकून काकांनी हसणारे चेहरे पाठवले. पण बहीण चुकीची नव्हती. सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट विमान खरंच आहे. जगातलं ते सर्वांत लांब पल्ल्याचं प्रवासी उड्डाण, अठरा तासांच्या वर. चांगीला फुलपाखरांची बाग आहे, फुकट सिनेमा आहे आणि २०१९ पासून ‘ज्वेल’ नावाच्या काचेच्या घुमटात ४० मीटर उंचीचा धबधबा आहे. फक्त तो इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. नुसतं विमान बदलणाऱ्याला तिथे जायचं तर सिंगापुरात रीतसर शिरावं लागतं. आपल्या लोकांनी यावर तोड काढली आहे. टर्मिनल दोन आणि तीन यांच्यामधली गाडी त्या घुमटातूनच जाते. ती फुकट असते. गाडीत बसायचं, धबधबा पाहायचा, उतरायचं, उलट्या गाडीत बसायचं, परत पाहायचा. आंबोलीला एवढं तिष्ठून कोणी धबधबा पाहिलेला नाही.

चालण्याच्या प्रश्नावर ज्येष्ठ नागरिकांनी शोधलेला तोडगा म्हणजे व्हीलचेअर. ती विमान कंपनी फुकट देते आणि ज्यांना तिची खरी गरज असते त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण तिच्या रांगेत दिसणारे सगळेच काही गुडघ्यांनी गांजलेले नसतात. रोज पहाटे पर्वती चढून वर बारा सूर्यनमस्कार घालणारे गृहस्थ तिथे दोन्ही पाय उचलून बसलेले आढळतात. कारण दुखणं पायाचं नसतंच. परक्या देशात गेट कुठे, कोणाला विचारायचं, आणि विचारल्यावर जे उत्तर येईल ते कसं समजून घ्यायचं, हे दुखणं असतं. खुर्ची ढकलणाऱ्याला सगळं माहीत असतं. तो रांगा टाळतो, मागच्या लिफ्टने नेतो आणि बरोबर गेटवर आणून सोडतो. पैसे न देता मिळणारा हा वाटाड्या सोडून तीन भाषांतल्या पाट्या वाचत कोण फिरणार?

फजिती होते ती नंतर. मुक्काम आला की खुर्चीतले गृहस्थ ताडकन उठतात, पट्ट्यावरून तेवीस किलोची बॅग एका हाताने उचलतात आणि बायकोलाही बॅग उचलू देत नाहीत. खुर्ची आणणारा मुलगा हा चमत्कार दिवसातून कित्येकदा पाहत असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही.

न्यू जर्सीतल्या मुलाच्या आईवडिलांनीही व्हीलचेअर सांगितली. (मुलाने ग्रुपवरचे मेसेज वाचणं केव्हाच सोडलं होतं आणि गुपचूप दोहाचं तिकीट काढून टाकलं होतं.) वडिलांना संकोच वाटत होता, पण दोन खुर्च्या आल्या आणि ढकलणारी मुलं अशी काही सुसाट निघाली, की अस्वल कधी आलं आणि कधी गेलं हे आईला कळलंच नाही. फोटोत पिवळा पट्टा तेवढा आला. मावशींनी तो पाहून लिहिलं, “हेच ते.”

जेवणाचा घोळ दोहापर्यंतच्या विमानात झाला. तिकीट काढताना जेवणाचा पर्याय विचारतात. यादीत ‘हिंदू मील’ असं दिसलं, की घरी रोज नैवेद्य दाखवणारा माणूस डोळे मिटून त्यावर खूण करतो. विमान कंपन्यांच्या भाषेत हिंदू मील म्हणजे गोमांस वगळून केलेलं जेवण. त्यात कोंबडी, मासा, मटण असं काहीही असू शकतं. शाकाहारी माणसाने ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागायचं असतं, कांदा-लसूण आणि कंदमुळं नको असतील तर ‘जैन’. वडिलांनी झाकण उघडलं आणि हवाईसुंदरीला बोलावलं.

“हे चिकन आहे.”

“सर, तुम्ही हिंदू जेवण मागितलंय.”

“म्हणूनच सांगतोय.”

शेवटी त्यांनी बशीतला पाव आणि बायकोने पर्समध्ये ठेवलेली मेतकुटाची पुडी यांवर वेळ निभावली. मूळचे कोल्हापूरचे असते तर तक्रार झालीच नसती.

मेतकूट पर्समधून सुटलं, खोबरं नाही. आईने नातवाच्या बारशासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेच्या तळाशी साडीत गुंडाळून ठेवल्या होत्या. मुंबईलाच बॅग बाजूला काढली गेली. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानाच्या सामानात चालत नाही. “ओटीचं खोबरं पेट घेतं?” आईचा प्रश्न होता. घेतं, असं नियम म्हणतो. साडी परत मिळाली.

बॅगांचं खरं नाट्य अमेरिकेत उतरल्यावर होतं आणि त्यात हॉल्ट कुठे घेतला याला फार महत्त्व येतं. अमेरिकेत शेवटच्या गावाला नव्हे, पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं. बॅगा तिथे ताब्यात घ्यायच्या, कस्टममधून न्यायच्या, पुन्हा पट्ट्यावर टाकायच्या आणि मग पुढचं विमान. मुंबईत “सामान थेट शेवटपर्यंत जाईल” असं ऐकलेली माणसं शिकागोला निवांत पुढच्या गेटवर जाऊन बसतात आणि त्यांच्या बॅगा तिकडे पट्ट्यावर एकट्याच फिरत राहतात. आत्यांच्या यजमानांनी डलासच्या जावयासाठी ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली याच ठिकाणी अडकली. कस्टमनंतर बॅग परत देताना ती बॅगेत टाकायला हवी होती. त्यांनी ती हौसेने हातात ठेवली. पुढच्या तपासणीत बाटली गेली. जावयाला आत्यांनी फोनवर ब्रँडचं नाव तेवढं कळवलं. अबू धाबीहून जाणाऱ्यांची या छळातून बरीच सुटका होते, कारण अमेरिकेचे अधिकारी २०१४ पासून तिथेच बसून पासपोर्ट तपासतात आणि माणूस अमेरिकेत उतरतो तो देशांतर्गत प्रवासी होऊन. आत्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी दुबईवर आणखी एक दोष ठेवला, की दुबई अबू धाबी नाही.

घरात एक भाचा असतोच, जो दोन वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवतो. मुंबई ते फ्रँकफर्ट एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. एका तिकिटावर असता तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची असती. भाच्याला हे माहीत असतं. त्याची भिस्त युरोपीय संघाच्या २००४ सालच्या नियमावर असते. तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर प्रवाशाला ६०० युरोंपर्यंत भरपाई मिळू शकते. एरवी सगळं विमान वेळेत निघावं म्हणून प्रार्थना करत असताना हा घड्याळाकडे पाहून उशिराची आस लावतो. एकदा दोन तास पन्नास मिनिटं झाली. भाच्याने मनातल्या मनात नवा फोनही घेतला. तेवढ्यात कप्तानाने मागून चांगला वारा असल्याची आनंदाची बातमी दिली.

आणि प्रत्येक घरात एक असाही आप्त असतो, जो जगातल्या प्रत्येक विमान-आपत्तीच्या वेळी नेमका तिथेच होता. २००८च्या मार्चमध्ये हिथ्रोचं टर्मिनल पाच सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी बॅगांची यंत्रणा कोलमडली, हजारो बॅगा अडकल्या, काही तर वेगळ्या काढायला मिलानला न्याव्या लागल्या. त्यांची बॅग त्यात होती. २०१०च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधला ज्वालामुखी फुटून युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर ठप्प झालं. ते ब्रुसेल्सला होते. त्या ज्वालामुखीचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. ज्याच्यामुळे अडकलो त्याला धड शिवीही देता येत नव्हती, याचंच त्यांना जास्त वाईट वाटतं. १६ एप्रिल २०२४ला दुबईत विक्रमी पाऊस पडून धावपट्ट्यांवर पाणी आलं, २१ मार्च २०२५ला जवळच्या वीज उपकेंद्रातल्या आगीमुळे हिथ्रो दिवसभर बंद पडलं, तेव्हाही ते कुठे होते हे विचारण्यात अर्थ नाही. त्यांना विमानात पाहिलं की नातेवाईक उतरायच्या गोष्टी करतात.

नागपूरचे मेहुणे या सगळ्यांना हसत आले होते. त्यांचा सिद्धान्त एकच: हॉल्टच नको. “चार पैसे जास्त मोजा आणि थेट जा. बसलात की उतरलात.” त्यांनी दिल्ली ते शिकागो थेट तिकीट काढलं आणि ग्रुपवर त्याचा फोटोही टाकला. २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना वाटेत तेलासाठी थांबावं लागलं, कधी कोपनहेगनला, कधी व्हिएन्नाला. मेहुण्यांचं विमान व्हिएन्नाला उतरलं. प्रवाशांनी जागेवरच बसायचं होतं. टँकर आला, वैमानिक बदलले, खिडकीतून एक हिरवा पट्टा आणि सामानाच्या दोन गाड्या दिसल्या, आणि तासा-दीड तासाने विमान पुन्हा उडालं.

हल्ली एखाद्या लग्नात परदेश प्रवासाचा विषय निघाला, की नागपूरचे मेहुणे वरणभात कालवता कालवता थांबतात. “तुम्ही व्हिएन्ना घ्या,” ते सांगतात. “काय विमानतळ आहे! गर्दी नाही, तपासणी नाही, एक पाऊल चालावं लागत नाही.”